उत्तर कुणीकडे?

मावशी कार्तिकात गेली. वय एक्याऐंशी. सकाळी अंगणातल्या तुळशीला पाणी घातलं, दुपारी सुनेला म्हणाली, 'मला जरा टेकू दे', आणि दिवेलागणीपर्यंत सगळं आटोपलं. कुणाला रात्र जागवली नाही, कुणाकडून सेवा घेतली नाही. असं मरण मागून मिळत नाही, असं मी मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात सतरंजीच्या त्या टोकाकडून एक वाक्य आलं, "बाकी सगळं चांगलं झालं जी, पण वेळ नाही साधली बाईनं. दक्षिणायन न! दोन महिने थांबल्या असत्या तं सोनं झालं असतं."

माना हलल्या. कुणीतरी गीतेच्या आठव्या अध्यायाचं नाव घेतलं. कुणी भीष्म आणला. मावसभावाचा आधीच उतरलेला चेहरा आणखी उतरला. आई गेल्याचं दुःख होतंच, त्यात आता आई चुकीच्या महिन्यात गेल्याचा अपराध जमा झाला. जणू त्यानंच तिला लवकर पाठवलं होतं.

त्या दिवशी गप्प बसलो, कारण घरात सुतक होतं आणि सुतकाच्या घरी वाद घालू नये एवढी रीत मलाही कळते. आता तेरवी होऊन गेली आहे. आता बोलतो.

आधी त्या सतरंजीवरच्या मताला त्याचं पूर्ण माप देऊ, नाहीतर 'आमचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही' अशी तक्रार येईल. त्यांचं म्हणणं असं. गीतेत स्वच्छ लिहिलं आहे की अग्नी, उजेड, दिवस, शुक्लपक्ष आणि उत्तरायणाचे सहा महिने, या काळात जाणारा परत येत नाही. धूर, रात्र, कृष्णपक्ष आणि दक्षिणायनाचे सहा महिने, या काळात जाणारा पुन्हा जन्माला येतो. उत्तरायण म्हणजे उत्तरायण. शब्दाचा अर्थ पंचांगात छापलेला आहे, तो फिरवायचा अधिकार कुणाला नाही. भीष्मासारखा भीष्म अठ्ठावन्न रात्री बाणांवर पडून राहिला तो याचसाठी. बाकी 'हे रूपक आहे, ते प्रतीक आहे' या अलीकडच्या सुधारकांच्या पळवाटा. आणि शेवटी, मानलं तर तुमचं काय बिघडतं?

पाच मुद्दे आहेत. मला तर यातला एकही उभा राहताना दिसत नाही.

'उत्तरायण म्हणजे उत्तरायण' म्हणता, ठीक. पण कोणतं? आकाशात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. तुम्ही तिळगूळ वाटता १४ किंवा १५ जानेवारीला. मध्ये सुमारे चोवीस दिवसांची दरी आहे. दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. पुढे पृथ्वीच्या आसाच्या संथ डुलण्यामुळे संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकत गेली. विवेकानंद १८६३ साली संक्रांतीला जन्मले, तेव्हा तारीख होती १२ जानेवारी. मग २५ डिसेंबरला एखादा गेला तर तो कोणत्या वाटेला लागला? सूर्याला विचारलं तर उत्तरायण, तिळगुळाला विचारलं तर दक्षिणायन. मोक्षाच्या दारावर बसलेला द्वारपाल कोणतं कॅलेंडर लावून बसतो?

आणि घोळ इथंच थांबत नाही. लोकमान्य टिळकांना निदान पळवाटा काढणारा म्हणायची तुमची हिंमत होणार नाही. त्यांनी १८९३ साली 'ओरायन' लिहिलं. त्यात त्यांनी मांडलं की वेदकाळी उत्तरायण म्हणजे सूर्य उत्तर गोलार्धात असतो तो काळ, म्हणजे वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंतचा, आजच्या हिशेबानं मार्चअखेर ते सप्टेंबर. डिसेंबरपासून मोजायची पद्धत नंतरची. हे मान्य केलं तर काय होतं पाहा. आषाढात समाधी घेतलेले नामदेव दक्षिणायनातून उचलून उत्तरायणात जातात आणि ३० जानेवारीला गेलेले गांधीजी उत्तरायणातून दक्षिणायनात ढकलले जातात. एका शब्दाची व्याख्या बदलली की माणसांची परलोकातली वाट बदलते, असं म्हणायचं आहे का तुम्हाला? शब्दाचा अर्थ पंचांगात छापलेला असतो खरा. पण पंचांग छापणाऱ्यांचं आपसात जमत नाही, हेही त्याच पंचांगाच्या प्रस्तावनेत वाचायला मिळतं.

बरं, महिना सोडा, दिशाच घेऊ. आपण उभे आहोत वर्ध्यात, साधारण २०.७ उत्तर अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते. त्यानंतर तो आपल्या उत्तरेला सरकतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडू लागते. जुलैच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे तो पुन्हा डोक्यावरून परततो. म्हणजे २१ जूनला दक्षिणायन लागल्यावरही जवळजवळ महिनाभर वर्धेकरांचा दुपारचा सूर्य उत्तरेतच असतो. तुमच्या अंगणात काठी रोवून पाहा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आता वर्धा जितकी उत्तरेला तितकाच, विषुववृत्ताच्या पलीकडे दक्षिणेला, मॉरिशस आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या आपल्या मराठी माणसांची नातवंडं-पणतवंडं तिथं आजही गणपती बसवतात. त्यांच्याकडे आपलं उत्तरायण म्हणजे सूर्य दूर दूर जाण्याचा काळ. दिवस लहान होत जातो, गारवा येतो. 'उत्तरायणात उजेड वाढतो म्हणून गती चांगली' हे तुमचं शास्त्र तिथं उलटं होतं. मग तिथल्या मराठी आजीनं कधी मरावं? पोर्ट लुईच्या सूर्याप्रमाणे की वर्ध्याच्या? देवाचा कायदा समुद्र ओलांडला की बदलतो काय?

आणि दक्षिणायनाच्या सहा महिन्यांना 'धुराचे, अंधाराचे' म्हणताना आपण कोणत्या जिल्ह्यात बसलो आहोत याचं तरी भान ठेवावं. मृगाचा पाऊस पडला की सरकी मातीत जाते. ती वाढते, पात्या लागतात, बोंडं धरतात, दिवाळीच्या सुमारास फुटतात आणि वेचणी सुरू होते, हे सगळं दक्षिणायनात. पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी दक्षिणायनात. पंढरीच्या आषाढी-कार्तिकी या दोन्ही वाऱ्या दक्षिणायनात. आणि उत्तरायणात? उलंगवाडी झालेली वावरं, पऱ्हाटीचे ढीग आणि मेमधलं पंचेचाळीस अंशांचं ऊन. या जिल्ह्याचं पोट ज्या सहा महिन्यांत भरतं, त्यांनाच अशुभ म्हणायला जीभ कशी वळते?

खरा रोग वेगळा आहे. दिशेचा शब्द दिसला की आपल्याला तो रस्त्यावरची पाटी वाटतो: 'उत्तर, अमुक किलोमीटर'. धर्मग्रंथातले दिशेचे शब्द पाट्या नसतात. ते माणसाच्या उभं राहण्यातून जन्मलेले असतात. पहाटे उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर आहे ती पूर्व, म्हणजे आधीची. पाठीशी आहे ती पश्चिम, म्हणजे मागची. उजव्या हाताला आहे ती दक्षिण, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच उजवा. त्याच दक्षिणेवरून प्रदक्षिणा आली, देव उजव्या हाताला ठेवून फिरायची. दक्षिण जर इतकी वाईट, तर उद्यापासून देवळात प्रदक्षिणा बंद करा. शिवाचं गुरुरूप दक्षिणामूर्ती आहे, त्याचंही तोंड फिरवून ठेवा. आणि नवसाला पावणारा म्हणून जो दक्षिणमुखी मारुती शोधत फिरता, त्याला काय सांगाल? घर दक्षिणमुखी असलं तर गिऱ्हाईक पळतं आणि मारुती दक्षिणमुखी असला तर रांग लागते. हे कोणतं शास्त्र?

आता 'उत्तर' पाहा. उत् म्हणजे वर. उत्तर म्हणजे अधिक वरचं, आणि त्यातूनच नंतरचं. उत्तरार्ध, उत्तरोत्तर, लोकोत्तर यांपैकी कोणत्या शब्दात होकायंत्र आहे? मावशीच्या तेरवीला जे झालं त्याला आपण उत्तरकार्य म्हणतो. ते काय उत्तरेला तोंड करून केलं म्हणून? आणि प्रश्नाला दिलं जातं तेही उत्तरच. इतक्या अंगांनी जिवंत असलेला शब्द गीतेत आला की मात्र तुम्ही त्याचं बोट धरून थेट पंचांगाच्या पानावर नेऊन बसवता.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्यात मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे ज्योतिषी येशूच्या शोधात येरुशलेमला येतात आणि सांगतात की आम्ही त्याचा तारा पाहिला. कुठे पाहिला? तिथं शब्द आहे 'अनातोली'. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरानं अर्थ घेतला 'पूर्वेत', आणि शतकानुशतकं नाताळच्या देखाव्यांत पूर्वेचा तारा चमकत राहिला. पण थांबा. ही मंडळी पूर्वेकडून पश्चिमेला आली होती. तारा पूर्वेत दिसला असता तर त्यांचे उंट उलट्या दिशेला जायला हवे होते! कुणी म्हणेल, 'आम्ही पूर्वेत असताना पाहिला' असा अर्थ घ्या. पण मत्तय पूर्वेच्या मुलखाबद्दल बोलताना हा शब्द अनेकवचनी वापरतो आणि ताऱ्यापाशी एकवचनी. म्हणून अलीकडचे बरेच भाषांतरकार तिथं दिशा काढून टाकतात आणि लिहितात, तारा उगवताना पाहिला.

यात मराठी माणसाला तर काहीच अवघड वाटू नये. आपण अजूनही म्हणतो, उगवतीकडचं वावर, मावळतीकडचं वावर. उगवणं ही क्रिया, तिच्यावरूनच दिशेचं नाव. ग्रीकांनी तेच केलं. आपले जोशीबुवा गुरूचा उदय आणि शुक्राचा अस्त पाहून लग्नाच्या तारखा काढतात, ते ज्योतिषीही त्याच धंद्यातले होते. त्यांच्या तोंडी उदय शोभतो. पुढची गंमत अशी की ज्यूंच्या हिब्रू शास्त्राचं जुनं ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात जिथं 'अंकुर' हा शब्द होता तिथंही भाषांतरकारांनी हाच 'अनातोली' घातला. सूर्य उगवतो, तारा उगवतो आणि बीही उगवतं. आपल्या कास्तकाराला हे सांगायला ग्रीक पंडित लागत नाही. पेरणीआधी तो सरकीची उगवणच तपासतो. एका मराठी क्रियापदात तिन्ही अर्थ सुखानं नांदतात. मग ग्रंथ उघडल्यावर त्यातले दोन बाहेर काढून एकालाच घरात का घ्यायचं?

दुसरा ग्रीक शब्द 'आनोथेन'. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला म्हणतो की माणसानं 'आनोथेन' जन्मायला हवं. शब्दाचे दोन अर्थ: वरून, आणि पुन्हा नव्यानं. मराठी मास्तर पोराला म्हणतात, 'अडखळलास, वरून वाच', तेव्हा त्या 'वरून'मध्ये दोन्ही येतात, वरच्या ओळीपासून आणि पुन्हा एकदा. निकदेम मात्र शब्दाला चिकटून विचारतो की म्हाताऱ्या माणसानं आईच्या पोटात पुन्हा कसं शिरायचं? तो विद्वान होता, धर्मशास्त्री होता, आणि त्याच्या प्रश्नाला हसावं की रडावं कळत नाही. माझ्या सतरंजीवरचे शास्त्री या निकदेमाचे सख्खे भाऊ आहेत. फरक एवढाच की त्यानं निदान प्रश्न विचारला होता, यांनी निकाल देऊन टाकला.

आता भीष्म. हा त्यांचा हुकमाचा पत्ता. पण हा पत्ता कधीच कापला गेला आहे, आणि कापणारा कुणी सुधारक नाही. बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत चौथ्या अध्यायात हाच प्रश्न घेतला आहे आणि निर्णय दिला आहे की ज्ञानी माणूस दक्षिणायनात गेला तरी त्याचं फळ हुकत नाही. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य भीष्माचीही वासलात लावतात. भीष्म थांबले ते लोकांतला आचार सांभाळण्यासाठी, आणि इच्छामरणाचा वर मिळाला होता तो दाखवून देण्यासाठी. तो वर तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? ज्याला मरण हवं तेव्हा येतं त्याची गोष्ट, ज्याला मरण येतं तेव्हा यावंच लागतं त्याच्यावर लादायची, हा कुठला न्याय?

गीतेवरच्या भाष्यात आचार्य आणखी पुढे जातात. अग्नी, दिवस, शुक्लपक्ष ही त्यांच्या मते वेळा नसून वाट दाखवणाऱ्या देवता आहेत. मग श्लोकात 'काल' हा शब्द का आला? तर त्यांचं उत्तर असं की ज्या बनात आंब्याची झाडं जास्त त्याला आमराई म्हणतात, तिथं दुसरी झाडं नसतात असं नाही. नाहीतरी थोडा विचार केला तर हे कुणालाही दिसावं. यादीत पहिलाच आहे अग्नी, आणि दुसऱ्या यादीत पहिला आहे धूर. अग्नी ही वेळ आहे काय? धूर वाजून दहा मिनिटांनी मरायचं काय? छांदोग्य उपनिषदात हीच वाट सांगताना ज्योत, दिवस, पक्ष, सहा महिने, मग संवत्सर, सूर्य, चंद्र, वीज असे टप्पे येतात. सहा महिन्यांत मरायचं आणि मग पूर्ण वर्षात मरायचं, आणि शेवटी विजेत? ते प्रवासाचे टप्पे आहेत हो. टप्प्यांच्या यादीलाच तुम्ही गाडीचं वेळापत्रक समजून बसलात.

आणि ज्या अध्यायाचा हवाला देता त्याचा पुढचा श्लोक वाचायला कुणी हात धरले होते? या दोन वाटा कळल्या की योगी गोंधळत नाही, म्हणून अर्जुना, सर्व काळी योगयुक्त राहा, असं कृष्ण तिथं सांगतो. सर्व काळी! त्याच अध्यायाच्या सुरुवातीलाही तो हेच म्हणतो की सर्व काळी माझं स्मरण कर आणि लढ. ज्या उपदेशाच्या दोन्ही टोकांना 'सर्व काळी' आहे, त्याच्या पोटातून 'फक्त सहा महिने' काढायला केवढी हुशारी लागत असेल!

शास्त्र राहू द्या, माणसं पाहू. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली ती कार्तिक वद्य त्रयोदशीला, शके १२१८ मध्ये. दक्षिणायन आणि वर कृष्णपक्ष. नामदेव आषाढ वद्य त्रयोदशी. एकनाथ फाल्गुन वद्य षष्ठी, तुकोबा फाल्गुन वद्य द्वितीया, रामदास माघ वद्य नवमी. ही तिघं उत्तरायणात, पण पक्ष वद्यच. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर गेले, सूर्य वळायला जेमतेम दोन दिवस उरले असताना. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीला गेले, आश्विन वद्य पंचमीला. म्हणजे तुमचा नियम लावला तर महाराष्ट्राची अख्खी संतपरंपरा नापास! आणि पास कोण? पौषाच्या शुक्लपक्षात भर दुपारी गेलेला गावचा सावकार. असल्या परीक्षेचा पेपर कुणी काढला, हे तरी एकदा शोधा.

आता ज्यांना तुम्ही पळवाटा काढणारे म्हणता त्या विनोबांकडे येऊ. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून १९२१ साली आश्रम चालवायला ते वर्ध्याला आले. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत इथंच त्यांनी 'गीताई' लिहिली. गीतेचा शब्दन् शब्द मराठीत आणताना आठव्या अध्यायातलं 'उत्तरायण' त्यांच्या नजरेतून सुटलं असेल काय? १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात त्यांनी या शब्दाचा अर्थ उलगडून सांगितला आहे. अग्नी पेटलेला असावा, म्हणजे शेवटपर्यंत हाताला काम असावं. उजेड असावा, म्हणजे बुद्धी जागी असावी. चंद्र वाढता असावा, म्हणजे भक्ती वाढती असावी. आणि उत्तरायणाचं आभाळ निरभ्र असतं तसं मन असावं, आसक्तीचा एकही ढग नसलेलं.

ही पळवाट? पळवाट तिला म्हणतात जिच्यातून गेलं की किंमत मोजावी लागत नाही. दोन्ही अर्थांची किंमत मांडून बघा. तुमच्या अर्थानं मोक्षाला काय लागतं? जानेवारी ते जुलैच्या मध्ये, चांदण्या पक्षात, दिवसाउजेडी मरायचं. आयुष्यभर सावकारी केली, भावाचं वावर दाबलं, सुनेला छळलं, तरी चालेल, तारीख गाठली म्हणजे झालं. त्या हिशेबानं अतिदक्षता विभागातलं श्वासाचं यंत्र हे मोक्षाचं सर्वांत खात्रीचं साधन ठरतं, संक्रांतीपर्यंत चालू ठेवा आणि मग बंद करा! विनोबांच्या अर्थानं काय लागतं? रोज काम, रोज जाग, रोज भक्ती, रोज थोडं सोडत जाणं, सत्तर-ऐंशी वर्षं. सांगा आता, सोपी वाट कुणी काढली?

आणि या माणसानं अर्थ नुसता सांगितला नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला आजारी पडल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला सकाळी देह ठेवला. दिवस कोणता? दिवाळीची अमावास्या. दक्षिणायन, कृष्णपक्ष, त्यातही चंद्राची शेवटची कोरसुद्धा नसलेली तिथी. सूर्य वळायला पाच-सव्वापाच आठवडे होते, संक्रांतीला दोन महिने. धाम नदीच्या काठावर त्या सकाळी जमलेल्यांपैकी कुणाची हिंमत होती का म्हणायची, की बाबांची वेळ नाही साधली? मग मावशीबद्दल ती कुठून आली? मोठ्या माणसाच्या मरणापुढे नियम मुकाट्यानं गुंडाळायचा आणि साध्या बाईच्या मरणावर तो दात विचकून उभा करायचा, ही श्रद्धा नसून भित्रेपणा आहे.

शेवटचा प्रश्न होता, मानलं तर काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. २००६ मध्ये केंद्रानं शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यात आपला वर्धा जिल्हा होता. बोंडं लागण्याच्या दिवसांत, पाऊस दगा देतो तेव्हा, कर्जाची तारीख जवळ येते तेव्हा, पंचांग पाहून कुणी मरत नाही. त्या घरच्या विधवेला, बाळंतपणात गेलेल्या पोरीच्या आईला, श्रावणात साप चावून गेलेल्या मजुराच्या पोरांना तुम्ही जाऊन सांगणार की गेला तो गेलाच, वर वाटही चुकली? आधीच जे कोसळलं आहे त्याच्यावर आणखी एक दगड ठेवायचा आणि त्याला शास्त्र म्हणायचं? दुःखी घरात बोललेलं खोटं वाक्य पिढ्यान् पिढ्या मुरतं. माझ्या आजीच्या मरणाबद्दल असंच एक वाक्य कुणीतरी बोललं होतं, आणि माझी आई ते मरेपर्यंत विसरली नाही.

गोपुरीतलं गीताई मंदिर पाहिलं नसेल तर एकदा जा. तिथं मूर्ती नाही आणि छतही नाही. शिळांवर अठरा अध्याय कोरलेले आहेत आणि वर उघडं आभाळ. आठव्या अध्यायाच्या शिळांपुढे उभे राहा, आणि मग वर बघा. महिना कोणताही असो, ढग नसतील तर आभाळ स्वच्छ दिसेल, ढग असतील तर नाही दिसणार. त्या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे.

उत्तर ही दिशा नकाशावर शोधायची नाही. ती माणसाच्या तोंडावरून ओळखायची. त्याचं तोंड आयुष्यभर कुणीकडे होतं, वर की खाली, उजेडाकडे की धुराकडे? हा प्रश्न अवघड आहे, म्हणूनच आपण त्याऐवजी महिना विचारतो. महिना पंचांगात सापडतो. हे उत्तर मात्र त्या माणसाबरोबर जगलेल्यांनाच ठाऊक असतं.

मावशीनं एक्याऐंशी वर्षांत दारात आलेल्या कुणाला उपाशी परत पाठवलं नाही, आणि शेवटच्या सकाळी तुळशीला पाणी घालायला ती विसरली नाही. ती कार्तिकात गेली. उत्तरायणात गेली.